मधुमेहाची गोळी आणि स्तनाचा कर्करोग : एका आशेची परीक्षा

प्रस्तुत लेखाचा जन्म आमच्या घरातील एका साध्या प्रसंगातून झाला. माझ्या मावशीवर स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ केमोथेरपी झाली आणि रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी न चुकता घेण्यास सांगून डॉक्टरांनी तिला घरी पाठविले. मावशीला मधुमेह नाही. तो तिच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना आहे, आणि ते गेली कित्येक वर्षे जेवणाबरोबर मेटफॉर्मिन नावाची पांढरी गोळी घेत आले आहेत. एके दिवशी शेजारच्या काकूंनी वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण आणून दिले. मधुमेहावरील या स्वस्त गोळीने कर्करोगालाही आळा बसेल अशी आशा शास्त्रज्ञांना वाटते, असा त्यातील मजकूर होता. मावशीने ते कात्रण देव्हाऱ्याजवळच्या डब्यात जपून ठेवले आणि मला विचारले, "तू कॉलेजात शिकतेस ना? मग नीट वाचून सांग. यांच्या गोळ्यांतली एक मीही घेतली तर काय बिघडलं?"

मी कला शाखेची विद्यार्थिनी. औषधांचे शास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु जसजशी वाचत गेले, तसतसे ध्यानात आले की या प्रश्नाचा अर्धा भाग वैद्यकाचा असला तरी उरलेला अर्धा तर्कशास्त्राचा आहे. एखाद्या गोष्टीमुळे दुसरी घडली असे आपण केव्हा म्हणू शकतो, हाच तो प्रश्न. वर्गात कंटाळवाणा वाटणारा हा प्रश्न घरातल्या माणसाच्या जिवाशी येऊन भिडला की तो मुळीच कंटाळवाणा राहत नाही. म्हणूनच हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

१. गोळीचा पूर्वेतिहास

मेटफॉर्मिनचे मूळ एका रानटी वनस्पतीत आहे. युरोपात आढळणाऱ्या या झुडपाचे शास्त्रीय नाव गॅलेगा ऑफिसिनॅलिस. जनावरांचे दूध वाढविण्यासाठी ते खाऊ घालीत, आणि ग्रीक भाषेतील दूध या अर्थाच्या शब्दावरूनच त्याला हे नाव पडले. युरोपच्या लोकवैद्यकात ते मनुष्यांच्या व्याधींवरही वापरले जात असे. पुढे या वनस्पतीत ग्वानिडीन जातीची द्रव्ये असल्याचे आढळले, आणि १९१८ साली वातानाबे या संशोधकाने ग्वानिडीनमुळे प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते असे दाखवून दिले. १९२२ मध्ये डब्लिन येथे वर्नर आणि बेल या दोन रसायनशास्त्रज्ञांनी त्याच कुळातील एक संयुग प्रयोगशाळेत तयार केले. तेच आजचे मेटफॉर्मिन होय.

परंतु त्याच सुमारास कॅनडातील टोरोंटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधून काढले होते. मृत्यूच्या दारातून मुले परत येऊ लागली. साऱ्या जगाचे लक्ष तिकडे लागले आणि डब्लिनच्या संयुगाची कोणी फारशी वास्तपुस्त केली नाही. पुढे १९५७ साली फ्रान्समधील जाँ स्टर्न या वैद्याने ते मधुमेहाच्या रुग्णांना देऊन पाहिले, त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि 'ग्लुकोफाज', म्हणजे 'साखर खाणारा', असे समर्पक नाव औषधाला दिले.

यानंतरही औषधाचा मार्ग निष्कंटक नव्हता. याच कुळातील फेनफॉर्मिन या औषधामुळे काही रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचून मृत्यू ओढवू लागले, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते अनेक देशांत बंद करण्यात आले. धाकट्या भावाच्या अपराधाने थोरल्याची अब्रू जावी तसे झाले आणि मेटफॉर्मिनकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. अमेरिकेत तर त्याला १९९४ च्या अखेरीस परवानगी मिळाली. मात्र १९९८ साली ब्रिटनमधील एका प्रदीर्घ चाचणीने त्याची खरी योग्यता सिद्ध केली. वजन अधिक असलेल्या मधुमेही रुग्णांना आरंभापासून मेटफॉर्मिन दिले असता त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण, केवळ आहार-नियमनावर ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेने, सुमारे ३६ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हापासून ही गोळी जगभर मधुमेहाच्या उपचाराचा पाया बनली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. यावरून ही गोळी किती घरांत पोचली असेल याची कल्पना वाचकांना येईल.

२. साखर, इन्शुलिन आणि गाठ

आता मधुमेहाच्या औषधाचा कर्करोगाशी संबंध कसा जोडला गेला ते पाहू.

प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात, निदान सुरुवातीच्या काळात, शरीरात इन्शुलिन नसते असे नाही. शरीरच त्याचे ऐकेनासे होते. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन रक्तात सोडीत राहते. स्थूल व्यक्तींत मधुमेह नसतानाही असे घडू शकते. इन्शुलिनचे काम साखरेपुरतेच असते तर यात विशेष भीती नव्हती. परंतु इन्शुलिन हा पेशींच्या दृष्टीने वाढीचाही निरोप आहे, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर हा निरोप स्वीकारणारी ग्राहके आढळतात. घराला आग लागलेली असताना वाराही सुटावा, तसा हा प्रकार होय.

टोरोंटो येथील डॉ. पामेला गुडविन यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. २००२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१२ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांना मधुमेह नव्हता आणि त्यांचा स्तनाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेतील होता. उपाशीपोटी ज्यांच्या रक्तात इन्शुलिन सर्वांत अधिक होते अशा चतुर्थांश स्त्रियांची तुलना सर्वांत कमी इन्शुलिन असलेल्या चतुर्थांश स्त्रियांशी केली असता, पहिल्या गटात रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचा धोका सुमारे दुप्पट आणि मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट आढळला.

मेटफॉर्मिन काय करते? ते मुख्यत्वे यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. साखर उतरली की इन्शुलिनही उतरते. तेव्हा इन्शुलिन उतरवून कर्करोगाचा वारा थांबविता येईल, हा विचार अगदी स्वाभाविक होता. लेनिनग्राडमधील डिलमन या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकातच फेनफॉर्मिनच्या बाबतीत असाच विचार मांडून प्राण्यांवर प्रयोग केले होते.

याला आणखी एक दुवा मिळाला. प्रत्येक पेशीत ऊर्जेचा जमाखर्च सांभाळणारे एक प्रथिन असते. ए.एम.पी.के. असे त्याचे संक्षिप्त नाव आहे. शिल्लक कमी झाली की हा हिशेबनीस खर्च बंद करण्याचा हुकूम सोडतो, आणि पेशीची वाढ हा मोठाच खर्च होय. मेटफॉर्मिनमुळे हा हिशेबनीस जागा होतो असे २००१ साली दिसून आले. त्याला जागे करणारे एल.के.बी.१ नावाचे प्रथिन तर आधीपासूनच गाठींना आवर घालणारे म्हणून ठाऊक होते. म्हणजे बाहेरून इन्शुलिन कमी करणे आणि आतून पेशीची वाढ रोखणे, असे दोन मार्ग एकाच गोळीत एकवटले. एखाद्या कादंबरीत शोभावा असा हा योग होता!

३. आशेला आलेले भरते

२००५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी आपल्या भागातील मधुमेही रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी मेटफॉर्मिन घेतले होते त्यांच्यात कर्करोगाची शक्यता इतर मधुमेहींपेक्षा सुमारे एक-पंचमांशाने कमी दिसली. हा लहानसा लेख शास्त्रीय जगात फार गाजला. पाठोपाठ देशोदेशींच्या रुग्णालयांतील दप्तरे उघडली गेली आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी असेच काहीसे चित्र दिसू लागले.

स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत विशेष चर्चा झाली ती २००९ च्या एका अभ्यासाची. अमेरिकेत ह्यूस्टन येथे, शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिलेल्या २,५२९ रुग्णांच्या नोंदी पाहण्यात आल्या. केमोथेरपीनंतर गाठ पूर्णपणे नाहीशी झालेल्यांचे प्रमाण मधुमेह नसलेल्या रुग्णांत १६ टक्के होते. मेटफॉर्मिन न घेणाऱ्या मधुमेही रुग्णांत ते अवघे ८ टक्के होते, तर मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत २४ टक्के. आठ आणि चोवीस! हे आकडे पाहून कोणाचेही मन उचंबळून यावे. गोळी जुनी, तिचे गुणदोष ठाऊक, किंमत नगण्य. कर्करोगाची नवी औषधे सामान्य कुटुंबाचे कंबरडे मोडतात, अशा काळात काकांच्या डबीतील गोळीच रामबाण ठरली तर आणखी काय हवे? मावशीकडील कात्रण याच भरतीच्या काळातील होते.

४. तर्कशास्त्र काय सांगते?

येथे जरा थांबले पाहिजे. कावळा फांदीवर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. आपल्या परंपरेत याला काकतालीय न्याय म्हणतात. परंतु वरील अभ्यासांत गाठ एकदाच पडली नव्हती, ती वारंवार पडत होती. तेव्हा त्यांना निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. दोष असलाच तर तो अधिक सूक्ष्म असला पाहिजे. असे तीन दोष संभवतात.

पहिला दोष विषम तुलनेचा. मेटफॉर्मिन कोणाला मिळते? ज्यांचा मधुमेह अद्याप फार बळावलेला नाही आणि ज्यांची मूत्रपिंडे धड आहेत, अशांना. ज्यांना इन्शुलिन टोचून घ्यावे लागते त्यांचा रोग बहुधा जुना असतो आणि शरीर अधिक थकलेले असते. या दोघांची तुलना करून पहिल्यांचे आयुष्य गोळीने वाढले असे म्हणणे म्हणजे पायी जाणारे लोक पालखीतून नेल्या जाणाऱ्या आजाऱ्यांपेक्षा धडधाकट असतात, तेव्हा चालण्यानेच ते धडधाकट झाले, असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरा दोष लहान संख्येचा. ह्यूस्टनच्या अभ्यासात एकूण रुग्ण अडीच हजार असले, तरी मेटफॉर्मिन घेणारे होते केवळ ६८ आणि न घेणारे मधुमेही ८७. म्हणजे २४ आणि ८ टक्के ही प्रमाणे प्रत्यक्षात अनुक्रमे सुमारे १६ आणि ७ माणसांची होती. चारदोन माणसे इकडची तिकडे झाली असती तर टक्केवारीचा सारा डौल उतरला असता. शिवाय पुढील तीन वर्षांत रोग न उलटण्याच्या बाबतीत या गटांमध्ये भरवसा ठेवण्याजोगा फरक दिसला नाही, हेही त्याच अहवालात नमूद होते. कात्रणात मात्र तेवढा भाग आलेला नव्हता.

तिसरा दोष सर्वांत मजेदार आणि सर्वांत फसवा आहे. समजा, पंचवीस वेळा पंढरीची वारी केलेले वारकरी आणि एकदाच वारी केलेले वारकरी यांच्या वयाची नोंद कोणी केली. पंचवीस वाऱ्या करणारे सरासरीने दीर्घायुषी निघतील यात शंका नाही. पण त्यावरून वारीने आयुष्य वाढते हे सिद्ध होते का? मुळीच नाही; पंचवीस वाऱ्या व्हायच्या तर आधी पंचवीस वर्षे जगावे लागते! जो दुसऱ्याच वर्षी वारला त्याचे नाव या यादीत येणे शक्यच नव्हते. औषधांच्या नोंदींतही हेच होते. 'दीर्घकाळ गोळी घेणारे' या यादीत येण्यासाठी रुग्ण तितका काळ जिवंत असावाच लागतो, आणि तो काळ चुकीने गोळीच्या पदरात पुण्य म्हणून जमा होतो. माँट्रियल येथील सुइसा आणि अझुले यांनी २०१२ साली मेटफॉर्मिन व कर्करोग यांविषयीचे अनेक अभ्यास पुन्हा तपासून दाखविले की त्यांतील मोठमोठ्या लाभांच्या आकड्यांमागे काळाच्या हिशेबातील हा आणि असेच इतर दोष होते. हे दोष टाळून केलेल्या अभ्यासांत लाभ आढळला नव्हता.

५. व्यतिरेकाची कसोटी

मग खरे काय ते कळावे कसे? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या ग्रंथात सांगितलेली व्यतिरेक पद्धती आपण अभ्यासतो. दोन प्रसंग बाकी सर्व बाबतींत सारखे असावेत, एकाच बाबतीत त्यांच्यात फरक असावा, आणि परिणामातही फरक पडावा. तरच त्या बाबीला कारण म्हणता येते. पण माणसे काही एका साच्यातून काढलेली नसतात. दोन अगदी सारख्या स्त्रिया आणायच्या कोठून?

आधुनिक वैद्यकाने यावर काढलेली युक्ती अत्यंत साधी आहे. एकेका व्यक्तीत साम्य शोधू नये. शेकडो लोक घ्यावेत आणि कोणाला औषध द्यायचे ते डॉक्टरांच्या किंवा रुग्णाच्या मर्जीवर न सोडता जणू चिठ्ठ्या टाकून ठरवावे. वय, वजन, रोगाची अवस्था, घरची परिस्थिती, इतकेच नव्हे तर आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीही दोन्ही गटांत आपोआप सारख्या वाटल्या जातात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधहीन गोळी द्यावी, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू नये व डॉक्टरांनाही कळू नये. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी ब्रिटनमध्ये अशीच चिठ्ठ्यांच्या तत्त्वावर झाली होती. तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ही रीत रूढ होत गेली.

मेटफॉर्मिनची अशी परीक्षा घेण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले त्या डॉ. गुडविनच होत, ही या कथेतील मला सर्वांत लक्षणीय वाटणारी गोष्ट आहे. इन्शुलिनचा धोका त्यांनीच दाखविला होता. आपला सिद्धांत खोटा ठरू शकेल अशी परीक्षा त्यांनी स्वतःच मांडली. 'एम.ए. ३२' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत २०१० ते २०१३ या काळात कॅनडा, अमेरिका, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड येथील ३,६४९ रुग्ण सहभागी झाले. त्यांत जवळजवळ सर्व स्त्रिया होत्या. त्यांना मधुमेह नव्हता. कर्करोग अन्यत्र पसरलेला नव्हता, पण तो उलटण्याचा धोका बराच होता. नेहमीचे उपचार सर्वांना मिळालेच. त्याशिवाय अर्ध्या जणींना ८५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा, आणि उरलेल्या अर्ध्या जणींना औषधहीन गोळी, असा पाच वर्षांचा क्रम ठरला.

पहिली बातमी आशादायक होती. सहा महिन्यांनंतर आरंभीच्या रुग्णांची तपासणी केली तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे वजन, रक्तातील साखर आणि इन्शुलिन ही तिन्ही उतरलेली आढळली. म्हणजे वारा थांबविण्याचे काम गोळीने केले होते. आता आग विझते का, एवढेच पाहायचे होते.

ज्यांच्या गाठी इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांवर पोसल्या जात नाहीत अशा रुग्णांच्या बाबतीत लाभाची शक्यता उरलेली नाही, असे मधल्या तपासणीतच स्पष्ट झाले आणि त्यांची गोळी थांबविण्यात आली. संप्रेरकांवर पोसल्या जाणाऱ्या गाठी असलेल्या २,५३३ रुग्णांचा निर्णय मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मेटफॉर्मिनच्या गटातील १,२६८ पैकी २३४ जणींचा रोग उलटला, नवा कर्करोग उद्भवला किंवा मृत्यू झाला. औषधहीन गोळीच्या गटात १,२६५ पैकी २३१ जणींच्या बाबतीत असेच घडले. दोनशे चौतीस आणि दोनशे एकतीस! मृत्यू पाहावेत तर मेटफॉर्मिनच्या गटात १३१ आणि दुसऱ्या गटात ११९. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे, तेव्हा गोळीने मृत्यू वाढले असा त्याचा अर्थ नव्हे. पण ते कमी झाले नाहीत, हे निश्चित. रक्ताशी संबंध नसलेले तीव्र स्वरूपाचे त्रास मात्र मेटफॉर्मिनच्या गटात २१.५ टक्के आणि दुसऱ्या गटात १७.५ टक्के रुग्णांना झाले.

सारांश, मधुमेह नसलेल्या स्त्रीचा स्तनाचा कर्करोग उलटू नये म्हणून मेटफॉर्मिन देण्यात लाभ नाही, हे या चाचणीने दाखवून दिले.

६. आशा का फळली नाही?

एवढा सुसंगत विचार प्रत्यक्षात का उतरला नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. काही उत्तरे आता दिसू लागली आहेत. प्रयोगशाळेतील काचेच्या तबकडीत कर्करोगाच्या पेशी मरत होत्या हे खरे. पण तेथे वापरलेले मेटफॉर्मिनचे प्रमाण रोजची गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तातील प्रमाणापेक्षा कित्येक पटींनी अधिक असे. मिठाने वांगी खारवता येतात, म्हणून आमटीत घालतो तेवढ्या चिमूटभर मिठाने ती टिकतील असे नव्हे.

दुसरे असे की इन्शुलिन अधिक असणे आणि कर्करोग उलटणे या दोन गोष्टी एकत्र आढळल्या, तरी मधुमेह नसलेल्या माणसात गोळीने इन्शुलिन जेवढे उतरते तेवढे उतरणे रोगाच्या दृष्टीने पुरेसे असेलच असे नाही. कदाचित इन्शुलिन हे धन्याबरोबर येणाऱ्या नोकरासारखे, शरीरातील दुसऱ्याच एखाद्या बिघाडाचे निदर्शक असेल. कारण आणि खूण यांत भेद करण्यास आपण तर्कशास्त्रात शिकतो, तो भेद येथे महत्त्वाचा ठरतो.

या चाचणीत 'हर-२' नावाचे प्रथिन गाठीत विपुल असलेल्या रुग्णांच्या एका लहान गटात काही लाभ दिसला, याचाही उल्लेख केला पाहिजे. पण मोठ्या समूहाचे अनेक तुकडे करून पाहिले की एखाद्या तुकड्यात अनुकूल आकडा निघतोच. म्हणून संशोधकांनी स्वतःच त्याला निष्कर्ष न म्हणता पुढील शोधाची दिशा म्हटले आहे.

७. गोळीचे खरे स्थान

या सर्वांवरून मेटफॉर्मिन निरुपयोगी आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारात तिला स्थान आहे. ते वेगळे आणि कमी दिमाखाचे आहे, एवढेच.

ज्या स्त्रीला मधुमेह आणि कर्करोग दोन्ही आहेत तिच्यासाठी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे उत्तम औषध आहेच. केमोथेरपीबरोबर उलटी व अॅलर्जी टाळण्यासाठी अनेकदा स्टिरॉइड दिले जाते आणि त्याने साखर एकाएकी चढते. अशा वेळी ती आटोक्यात ठेवणे, जखमा भरणे आणि जंतुसंसर्ग टाळणे या दृष्टीने महत्त्वाचे असते. अल्पेलिसिब नावाचे एक नवे औषध २०१९ पासून पुढच्या अवस्थेतील काही विशिष्ट रुग्णांना दिले जाते. ते पेशीतील इन्शुलिनच्या निरोपाचा मार्गच अडविते, म्हणून रक्तातील साखर पुष्कळ वाढते. ती उतरविण्यासाठी डॉक्टर प्रथम मेटफॉर्मिनकडेच वळतात. उलटपक्षी, मूत्रपिंडे अशक्त असतील तर स्कॅनच्या वेळी रंगद्रव्य टोचण्यापूर्वी ही गोळी काही काळ थांबवावी लागते. म्हणून मधुमेही रुग्णाने आपली औषधे कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखविणे अगत्याचे आहे. काकांच्या डबीतील गोळी कोणी परस्पर सुरू करू नये आणि परस्पर बंदही करू नये.

८. समारोप

जुन्या, स्वस्त औषधांकडून आशा ठेवणेच चूक आहे काय? तसे मुळीच नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनी देशातील अकरा केंद्रांत सुमारे सोळाशे स्त्रियांवर एक चाचणी केली. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दाताच्या डॉक्टरांकडे मिळते तसलेच बधिर करण्याचे साधे औषध, टोचावयाचे, एवढाच त्यातील फरक होता. पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्या स्त्रियांचे प्रमाण त्यामुळे ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. अन्य ठिकाणीही हा अनुभव पडताळून पाहिला जाणे इष्ट आहे. पण चिठ्ठ्यांची तीच रीत एका स्वस्त औषधाला 'नाही' म्हणते आणि दुसऱ्याला 'होय' म्हणते, यातच तिचा निःपक्षपातीपणा दिसतो.

मी हे सारे मावशीला माझ्या परीने समजावून सांगितले. सर्व ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे इतक्या बायकांनी पाच-पाच वर्षं गोळ्या गिळल्या, त्या फुकटच गेल्या म्हणायच्या!" या प्रश्नाने मी क्षणभर निरुत्तर झाले. परंतु विचार करता असे वाटते की त्या फुकट गेल्या नाहीत. त्यांनी ती परीक्षा दिली नसती तर आज लाखो स्त्रिया एका कात्रणाच्या भरवशावर जुलाब आणि मळमळ सोसत ही गोळी घेत राहिल्या असत्या आणि आपण काहीतरी करीत आहोत या समाधानात राहिल्या असत्या. आपल्या देशात २०२२ या एका वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा अंदाज आहे. त्या प्रत्येकीच्या घरी असे एखादे कात्रण पोचू शकते.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. अंगाची लाही होते म्हणून मावशी टॅमॉक्सिफेनची गोळी मधून मधून चुकवीत होती. ज्यांच्या गाठी संप्रेरकांवर पोसल्या जातात अशा स्त्रियांनी ही गोळी पाच वर्षे घेतली असता स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, हे हजारो स्त्रियांवरील अशाच चाचण्यांनी सिद्ध झालेले आहे. म्हणजे सिद्ध झालेली गोळी सुटत होती आणि जी सिद्ध झाली नाही तिची ओढ लागली होती! दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी तिच्या डॉक्टरांकडे गेलो. लाही होण्याच्या त्रासावर त्यांनी उपाय सुचविले आणि गोळी चुकवू नये असे पुन्हा बजावले.

कात्रण अजूनही डब्यात आहे. मावशी म्हणते, "राहू दे. काकू मायेनं घेऊन आल्या होत्या." ते खरेच आहे. काकूंच्या मायेविषयी मला शंका नव्हतीच. माया आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजाऱ्याला दोन्हींची गरज असते, एवढेच मला या अभ्यासातून नम्रपणे सांगावेसे वाटते.